परिचर्येचे अध्यापन : कौशल्ये आणि मूल्ये

आजारी माणसाची शास्त्रशुद्ध शुश्रूषा करण्याची विद्या पुढच्या पिढीच्या हाती सोपविणे म्हणजे परिचर्येचे अध्यापन. हे अध्यापन वर्ग, कौशल्य-प्रयोगशाळा, रुग्णालयाचा वॉर्ड आणि लोकवस्ती अशा चार ठिकाणी चालते. इतिहासाच्या किंवा गणिताच्या अध्यापकासमोर केवळ विद्यार्थी असतो. परिचर्येच्या अध्यापकासमोर विद्यार्थी आणि रुग्ण असे दोघे एकाच वेळी असतात आणि दोघांचेही दायित्व त्याच्याकडे असते. स्वतःच्या हाताने केल्याखेरीज विद्यार्थी शिकत नाही. पण त्याच्या शिकण्याची किंमत रुग्णाला मोजावी लागता कामा नये. या व्यवसायाला लागणारी बहुतेक कौशल्ये आणि मूल्ये या दुहेरी दायित्वातून निघतात. सोलापूरसारख्या बहुभाषी, कामगारवस्तीच्या आणि तीन बाजूंच्या जिल्ह्यांतून रुग्ण येणाऱ्या शहरात तर त्यांचा कस दररोज लागतो.

पूर्वपीठिका

परिचारकाच्या गुणांची चर्चा भारतीय परंपरेत जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधिद्रव्य, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि रुग्ण. उपस्थात्याचेही चार गुण तेथे गणले आहेत : उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. आधुनिक शिक्षणशास्त्रात बेंजामिन ब्लूम यांच्या समितीने १९५६ मध्ये अध्ययनाची ज्ञानात्मक, भावात्मक आणि क्रियात्मक अशी तीन क्षेत्रे मानली. चरकाच्या चार गुणांपैकी उपचारज्ञता पहिल्या क्षेत्रात, अनुराग दुसऱ्यात आणि दक्षता तिसऱ्यात बसते. शुचितेला मात्र तिन्ही क्षेत्रे लागतात, कारण हात का धुवायचे हे कळावे लागते, कसे धुवायचे हे जमावे लागते आणि कोणी पाहत नसतानाही ते धुवावेसे वाटावे लागतात.

परिचर्येच्या संघटित शिक्षणाचा आरंभ फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू केलेल्या विद्यालयापासून मानला जातो. या विद्यालयातून बाहेर पडलेल्या परिचारिकांनी अन्यत्र जाऊन इतरांना शिकवावे, हा त्या योजनेचा महत्त्वाचा भाग होता. अध्यापनासाठी वेगळी तयारी लागते, हा विचार मात्र पुढे रुजला. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात १८९९ मध्ये परिचारिकांसाठी विशेष अभ्यासक्रम निघाला आणि तेथेच १९०७ मध्ये ॲडलेड नटिंग या परिचर्येच्या जगातील पहिल्या प्राध्यापक झाल्या.

महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८८६ मध्ये परिचारिकांच्या पूर्ण प्रशिक्षणाची सोय झाली आणि १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका ठरल्या. मिरजेच्या मिशन रुग्णालयाने दक्षिण महाराष्ट्रात ही परंपरा रुजविली. तरीही परक्या माणसाचे मलमूत्र काढणे हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, ही समजूत समाजात घट्ट होती. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा करताना प्राण दिले आणि या समजुतीला कृतीने उत्तर दिले. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन स्थापिले व ससून रुग्णालयातील परिचारिका-प्रशिक्षणासाठी स्त्रिया तयार केल्या. त्यांत विधवाही होत्या, आणि त्यांच्यासाठी हे शिक्षण स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन होते. याच संस्थेची शाखा पुढे सोलापुरातही उभी राहिली आणि मुलींच्या शिक्षणासाठी नावाजली गेली.

पदवीच्या पातळीवरील परिचर्या-शिक्षण भारतात १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाले, तर पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५९ मध्ये दिल्लीत. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये निघाले. अभ्यासक्रमांत देशभर एकसूत्रता यावी म्हणून १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत करून या व्यवस्थेच्या पुनर्रचनेचा मार्ग मोकळा केला.

सोलापूरचा एक अध्यापक-वारसा

सोलापूरच्या वैद्यकीय इतिहासात अध्यापनाचा एक तेजस्वी धागा शहरापासून हजारो किलोमीटर दूर विणला गेला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या भारतीय वैद्यकीय पथकातून ते युद्धग्रस्त चीनमध्ये गेले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. त्याला जोडलेल्या आरोग्य विद्यालयात ते शल्यशास्त्र शिकवीत. शिकणाऱ्यांना दुसरी भाषा येत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतः चिनी भाषा आत्मसात केली आणि तिच्यातूनच व्याख्याने दिली. याच विद्यालयात परिचर्या शिकविणाऱ्या कुओ छिंगलान यांच्याशी १९४१ मध्ये त्यांचा विवाह झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीसांचे निधन झाले. सोलापुरातील त्यांच्या वडिलोपार्जित घराचे आता महानगरपालिकेने स्मारक केले आहे. चीनमधील शिचियाच्वांग येथे त्यांच्या नावाचे वैद्यकीय विद्यालय आहे.

विद्यार्थ्याने अध्यापकाची भाषा शिकावी, असे सर्वत्र गृहीत धरले जाते. कोटणीसांनी हा क्रम उलटविला, आणि परिचर्येच्या अध्यापकाला त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

शिक्षणाची रचना आणि अध्यापकांचे वर्ग

महाराष्ट्रात परिचर्येचे अभ्यासक्रम मुख्यतः चार पातळ्यांवर आहेत. सहायक परिचारिका-प्रसाविका म्हणजे एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम ग्रामीण आरोग्यसेवेचा पाया आहे. सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या, म्हणजे जीएनएम, ही तीन वर्षांची पदविका असून तिच्यात आंतरवासिता अंतर्भूत आहे. बी. एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी आणि एम. एस्सी. नर्सिंग ही दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी होय. जीएनएमधारकांना दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाद्वारे पदवी घेता येते. पदवी व पदव्युत्तर शिक्षण १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत येते.

पदवी अभ्यासक्रमाच्या सुधारित श्रेयांक पद्धतीत व्याख्यानाचा एक श्रेयांक २० तासांचा, प्रयोगशाळेचा ४० तासांचा आणि रुग्णालयातील अनुभवाचा ८० तासांचा धरला जातो. एकाच श्रेयांकासाठी वॉर्डात वर्गाच्या चौपट वेळ द्यावा लागतो, हे यातून दिसते. ज्या अध्यापकाला केवळ फळ्यापुढे उभे राहता येते, त्याचे काम त्यामुळे अर्धेही होत नाही.

अध्यापकांचे वर्गही याच रचनेतून पडले आहेत. महाविद्यालयात प्राचार्य, उपप्राचार्य, प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, सहायक प्राध्यापक आणि शिक्षक अशी श्रेणी असते. शासकीय परिचर्या विद्यालयांतून ‘पाठ्यनिर्देशिका’ हे पद परिचित आहे. जुन्या पिढीच्या बोलण्यात त्या ‘सिस्टर ट्यूटर’ असतात. वॉर्डात विद्यार्थ्यांसोबत राहून शिकविणाऱ्यांना क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणतात. या पदनामांच्या यादीत न बसणारा एक मोठा अध्यापकवर्गही आहे, तो म्हणजे वॉर्डाच्या इनचार्ज परिसेविका आणि अनुभवी अधिपरिचारिका. रात्रपाळीत शिकाऊ मुलगी पहिल्यांदा एखादा मृत्यू जवळून पाहते, तेव्हा शेजारी बहुधा त्याच असतात.

कौशल्यांचे वर्गीकरण

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये परिचर्या-अध्यापकाच्या मूलभूत क्षमता आठ विभागांत मांडल्या. प्रौढ अध्ययनाचे सिद्धान्त, अभ्यासक्रमाची रचना व अंमलबजावणी, प्रत्यक्ष परिचर्या, संशोधन व पुरावा, संवाद व सहकार्य, नीती-कायदा व व्यावसायिकता, मूल्यमापन, आणि व्यवस्थापन व नेतृत्व असे ते विभाग होत. सोलापूरच्या वॉर्डातून पाहता यांतील पाच कौशल्ये विशेष विस्ताराने सांगावीशी वाटतात.

पहिले कौशल्य प्रत्यक्ष परिचर्येचे. अध्यापकाचा स्वतःचा हात चालता असावा लागतो. शिरेत सलाईन लावणे, नासिकानलिका घालणे, जखमेची निर्जंतुक पट्टी बदलणे, प्रसूतीची प्रगती आलेखावर मांडणे ही कामे ज्याने दहा वर्षांपूर्वी केली आणि नंतर सोडून दिली, त्याचे शिकविणे पुस्तकी होऊ लागते. शिवाय उपकरणे आणि नियमही बदलतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा रंगांनुसार वर्गवारी ठरविली. वापरलेली सुई पांढऱ्या, छिद्ररोधक डब्यात जाते. तिला पुन्हा टोपण लावायचे नसते. अध्यापकाने सवयीने एकदा जरी टोपण लावले, तरी समोरच्या दहा विद्यार्थ्यांच्या मनातून तो नियम पुसला जातो.

दुसरे कौशल्य प्रात्यक्षिक दाखविण्याचे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये परिचारिकेच्या वाढीचे नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ असे पाच टप्पे मांडले. तज्ज्ञाची अडचण अशी की त्याच्या हातातील क्रिया इतकी मुरलेली असते की तिच्या पायऱ्या त्याच्या स्वतःच्याच लक्षात येत नाहीत. यासाठी पेटन यांची चतुःसोपान पद्धती उपयोगी पडते. प्रथम अध्यापक ती कृती न बोलता, नेहमीच्या वेगाने करतो. दुसऱ्या वेळी तो प्रत्येक हालचाल सावकाश, कारणासह बोलून दाखवितो. तिसऱ्या वेळी विद्यार्थी पुढची पायरी सांगतो आणि अध्यापक त्याप्रमाणे हात चालवितो. चौथ्या वेळी विद्यार्थी स्वतः बोलत बोलत कृती करतो. तिसरी पायरी वेळेअभावी सर्वांत आधी गाळली जाते, आणि विद्यार्थ्याच्या डोक्यातील चूक हात चालण्यापूर्वी नेमकी तेथेच सापडते.

अशा सरावासाठी कृत्रिम देहाचा उपयोग शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालयाच्या परिचर्या विद्यालयासाठी मार्था जेंकिन्स चेस यांच्या कारखान्याने १९११ मध्ये पूर्णाकृती बाहुली बनविली, आणि ‘मिसेस चेस’ म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थिनींना परिचित राहिली. आजच्या कौशल्य-प्रयोगशाळांत श्वास घेणारे, नाडी देणारे पुतळे असतात. रुग्णाला झळ न पोचविता चुका करण्याची मुभा देणारी जागा म्हणून या प्रयोगशाळेचे मोल आहे. तथापि पुतळ्याला लाज वाटत नाही, वेदना होत नाहीत आणि त्याचे नातेवाईक दाराशी उभे नसतात. म्हणून पुतळ्यावर पारंगत झालेला विद्यार्थी खाटेपाशी पुन्हा नवशिका असतो, याचे भान अध्यापकाने ठेवावयाचे असते.

तिसरे कौशल्य वॉर्डातील देखरेखीचे, आणि हेच सर्वांत अवघड. विद्यार्थ्याला किती मोकळीक द्यावी आणि कोणत्या क्षणी हात पुढे करावा, याचा निर्णय अध्यापकाला रुग्णासमोरच, क्षणार्धात घ्यावा लागतो. उदाहरणार्थ, ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यावयाचे आहे आणि संच एका मिलिलिटरला २० थेंब देणारा आहे. एकूण १०,००० थेंब २४० मिनिटांत, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. विद्यार्थी हा हिशेब वहीत अचूक मांडतो. पण खाटेला लावलेला संच मिलिलिटरला ६० थेंबांचा मायक्रो संच आहे हे पाहावयाचे विसरतो. ४२ थेंबांनी तो चालू राहिला तर रुग्णाला ठरलेल्या द्रवाचा एक तृतीयांशच मिळेल. येथे अनुभवी अध्यापक चाक स्वतः फिरवीत नाही. ‘संचाच्या पाकिटावर काय लिहिले आहे ते वाच,’ एवढेच तो म्हणतो. रुग्ण सुरक्षित राहतो, चूक विद्यार्थ्याची विद्यार्थ्यालाच सापडते आणि त्याचा रुग्णासमोर पाणउतारा होत नाही. औषधाची चूक असती, शिरेत जाणारे इंजेक्शन चुकीचे असते, तर मात्र अध्यापकाने त्याच क्षणी हात धरावयास हवा. धोका किती आणि तो किती लवकर घडेल, या दोन गोष्टींवर हा विवेक आधारलेला असतो.

चौथे कौशल्य भाषेचे. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू-दखनी या भाषा घरोघरी बोलल्या जातात. पूर्व भागातील पद्मशाली विणकर कुटुंबांतून आलेली आजी दुखण्याला ‘नोप्पी’ म्हणते. अक्कलकोटच्या पलीकडून, कन्नड मुलखातून आलेला शेतकरी ‘नोवु’ म्हणतो. वेदनेची जागा, तीव्रता आणि कालावधी विचारण्यापुरते दहा-बारा शब्द प्रत्येक विद्यार्थ्याला या भाषांतून यावेत, अशी तयारी अध्यापक पहिल्याच सत्रात करून घेऊ शकतो. वर्गातच तेलुगू किंवा कन्नड घरातील विद्यार्थी असतात. त्यांना त्या तासापुरते शिक्षक करावे, म्हणजे त्यांची मातृभाषा संकोचाचा विषय न राहता वर्गाची संपत्ती होते. दुसरीकडे पाठ्यपुस्तके इंग्रजीत असतात आणि मराठी माध्यमातून बारावी झालेली मुलगी पहिल्या वर्षी त्यांच्यापुढे गांगरते. तिला विषय समजत नाही की केवळ इंग्रजी वाक्य समजत नाही, हे वेगळे करून पाहणे अध्यापकाचे काम आहे. संकल्पना मराठीत समजावून संज्ञा इंग्रजीत पक्क्या करून घेण्याची पद्धत अनेक अध्यापक वापरतात, आणि ती योग्यच आहे.

पाचवे कौशल्य मूल्यमापनाचे. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये क्षमतेचा चार थरांचा मनोरा मांडला : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखविणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. लेखी परीक्षा खालच्या दोन थरांपर्यंत पोचते. तिसऱ्या थरासाठी रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली वस्तुनिष्ठ संरचित परीक्षा उपयोगी पडते. तिच्यात विद्यार्थी ठरावीक वेळ एकेका स्थानकावर थांबतो आणि परीक्षक कृतींची यादी समोर ठेवून गुण देतो. चौथा थर मात्र परीक्षेच्या दिवशी मोजता येत नाही. त्यासाठी अध्यापकाला वॉर्डात, नेहमीच्या ड्युटीत, विद्यार्थ्याकडे न कळत पाहावे लागते.

मूल्ये आणि त्यांचे संक्रमण

परिचर्येची मूल्ये ग्रथित स्वरूपात उपलब्ध आहेत. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये आपली पहिली नीतिसंहिता स्वीकारली. लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने १८९३ मध्ये डेट्रॉइट येथे रचलेली नाइटिंगेल प्रतिज्ञा आजही आपल्याकडे दीपप्रज्वलनाच्या समारंभात पांढऱ्या गणवेशातील विद्यार्थ्यांकडून वदवून घेतली जाते. समारंभ गंभीर आणि सुंदर असतो. प्रतिज्ञेतील शब्दांना अर्थ येतो तो मात्र पुढील वर्षांत, अध्यापकाच्या वागणुकीवरून.

सत्यनिष्ठा हे यातील पहिले मूल्य. तापमान, नाडी आणि श्वसनाच्या नोंदींचा तक्ता, ज्याला वॉर्डात सगळे टीपीआर म्हणतात, तो न मोजताच भरण्याचा मोह कामाच्या गर्दीत होतो. अशा तक्त्यात ओळीने बाराही रुग्णांचे श्वसन मिनिटाला २० असते. निरोगी प्रौढाचे श्वसन मिनिटाला १२ ते २० असल्याने हा आकडा कोणाला खटकत नाही. दक्ष अध्यापक त्यांतील एका खाटेशी थांबतो, रुग्णाच्या मनगटावर नाडी पाहत असल्यासारखी बोटे ठेवतो आणि नजर छातीवर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजतो. कारण आपला श्वास मोजला जात आहे हे कळताच रुग्णाची लय बदलते. आकडा २८ निघाला, तर न्युमोनियाचा किंवा हृदयाच्या बिघाडाचा पहिला इशारा त्या खोट्या नोंदीने लपविलेला असतो. अध्यापकाने केलेली ही एका मिनिटाची मोजणी सत्यनिष्ठेचा धडा देते आणि एका रुग्णाचे रक्षणही करते.

याच मूल्याची दुसरी बाजू चूक कबूल करण्याची आहे. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे औषध देण्याचे पाच निकष पाठ असूनही शिकाऊ हाताकडून चूक घडते. ती तत्काळ सांगितली गेली तर उपाय करता येतो. जेथे चुकीची पहिली प्रतिक्रिया म्हणून सर्वांसमोर खरडपट्टी निघते, तेथे पुढची चूक लपविली जाते आणि तिची झळ रुग्णाला पोचते. म्हणून आधी रुग्ण सांभाळणे, मग नोंद व वरिष्ठांना कल्पना, आणि शेवटी विद्यार्थ्याशी एकांतात चर्चा, असा क्रम ठेवणारा अध्यापक कठोर नसतो असे नाही. निष्काळजीपणा आणि अनुभवाचा अभाव यांतला फरक तो ओळखतो.

दुसरे मूल्य रुग्णाची प्रतिष्ठा. शासकीय रुग्णालयाच्या खच्चून भरलेल्या वॉर्डात पडदा ओढणे, अंगावर चादर घेऊन मगच तपासणी करणे, रुग्णाला खाटेच्या क्रमांकाने न संबोधता ‘मावशी’, ‘आजोबा’ म्हणून किंवा नावाने हाक मारणे, या लहान गोष्टींतून ती जपली जाते. विद्यार्थ्यांच्या घोळक्यापुढे रुग्णाची माहिती सांगण्यापूर्वी त्याची परवानगी घेणे आणि बाहेर रिक्षात किंवा समाजमाध्यमांवर तिची वाच्यता न करणे हा गोपनीयतेचा भाग आहे. जिल्ह्याच्या शहरात क्षयरोग, एचआयव्ही किंवा अविवाहित मुलीची गर्भधारणा यांची बातमी रुग्णाच्या आधी त्याच्या गल्लीत पोचू शकते, म्हणून येथे हे मूल्य अधिकच जपावे लागते.

तिसरे मूल्य समतेचे. जात, धर्म, ऐपत आणि व्यसन यांवरून शुश्रूषेत फरक होऊ नये, हे तत्त्व सगळ्यांना मान्य असते. परीक्षा होते ती दारूच्या नशेत पडलेल्या, अंगाला दुर्गंधी येणाऱ्या बेवारस रुग्णापाशी. त्याची अंगपुसणी करण्याचे काम अध्यापक कोणाकडे सोपवितो आणि स्वतः त्यात हात घालतो की नाही, हे विद्यार्थी पाहत असतात. समता विद्यार्थ्यांबाबतही पाळावी लागते. या क्षेत्रात आता मुलेही मोठ्या संख्येने येतात. स्त्रीरोग व प्रसूती विभागात त्यांचा अनुभव केवळ संकोचापायी अपुरा राहू नये आणि रुग्ण स्त्रीची इच्छाही डावलली जाऊ नये, यासाठी अध्यापकाला कौशल्याने वाट काढावी लागते.

चौथे मूल्य सातत्याचे. त्याचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयातील आहे. परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुमारे ४२ वर्षे तेथे अंथरुणाला खिळून होत्या, आणि तेथील परिचारिकांनी त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाहीत. शय्याव्रण टाळण्यासाठी रुग्णाची कूस ठरावीक अंतराने, सामान्यतः दर दोन तासांनी, बदलावी लागते. त्वचा कोरडी व स्वच्छ ठेवावी लागते. आहार सांभाळावा लागतो. या चार दशकांत परिचारिकांच्या पिढ्या निवृत्त झाल्या, पण एका पिढीचे काम दुसरीने त्याच निष्ठेने उचलले. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या आपल्या निर्णयात या शुश्रूषेची प्रशंसा केली. मूल्यांचे संक्रमण म्हणजे काय, हे याहून स्पष्टपणे सांगणे कठीण आहे.

अध्यापकाची घडण

उत्तम परिचारिका आपोआप उत्तम अध्यापिका होत नाही. म्हणून शिक्षणशास्त्राचा समावेश परिचर्येच्या अभ्यासक्रमातच केलेला आहे. पदवीच्या पाचव्या सत्रात शैक्षणिक तंत्रज्ञान व परिचर्या-शिक्षण हा विषय असतो आणि एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षी परिचर्या-शिक्षण स्वतंत्रपणे शिकविले जाते. पाठनियोजन, उद्दिष्टांची मांडणी, दृक्‌श्राव्य साधने, प्रश्नपत्रिकेचा आराखडा, समुपदेशन यांचा त्यात अंतर्भाव होतो. पदवीधर परिचारिकेला हे शिक्षण शिक्षकी पेशा न पत्करताही उपयोगी पडते. मधुमेही रुग्णाला इन्शुलिन टोचायला शिकविणे किंवा नव्या आईला स्तनपानाची पद्धत दाखविणे हेही अध्यापनच आहे.

अध्यापकाच्या घडणीत विद्यार्थ्याविषयीच्या जाणिवेलाही स्थान आहे. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी गाव सोडून वसतिगृहात येते, पहिल्या काही महिन्यांतच रक्त, मलमूत्र, वेदना आणि मृत्यू यांना सामोरी जाते. वॉर्डात पहिला मृत्यू पाहिल्यावर तिला पुढच्या खाटेकडे पाठविण्यापूर्वी पाच मिनिटे बाजूला घेऊन बोलणे, तिने काय पाहिले ते तिच्या शब्दांत सांगू देणे, हे अध्यापनाचे अंग आहे. ज्या विद्यार्थिनीला कोणी समजून घेतलेले नसते, तिने रुग्णाला समजून घ्यावे ही अपेक्षा अवाजवी ठरते.

सोलापूरचे अध्ययनक्षेत्र

परिचर्येच्या शिक्षणासाठी सोलापूर हे संपन्न क्षेत्र आहे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘सिव्हिल’ म्हणूनच आहे. धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर अशा शेजारच्या जिल्ह्यांतूनही तेथे रुग्ण येतात. अश्विनी रुग्णालयाच्या रूपाने सहकारी तत्त्वावरील मोठे रुग्णालय या शहराने उभे केले. जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय असून १९८७ मध्ये तेथे सुरू झालेली कर्करोग-नोंदणी ही देशातील पहिली ग्रामीण नोंदणी होय. अचूक नोंदीतून संपूर्ण प्रदेशाचे आरोग्यज्ञान कसे घडते, याचा पाठ विद्यार्थ्यांना घराजवळच मिळू शकतो.

सामुदायिक आरोग्य-परिचर्येसाठीही येथे विषयांची वाण नाही. शहरात हजारो स्त्रिया विड्या वळतात. तंबाखूची धूळ, दिवसभर मांडी घालून बसल्याने जडणारी पाठदुखी, डोळ्यांवरील ताण आणि रक्तक्षय हे प्रश्न गृहभेटीतच दिसतात. कुंभारीजवळील गोदूताई परुळेकर विडी घरकुलासारख्या वसाहतीत एका ओळीतील दहा घरांची पाहणी केली तरी आहार, पाणी, लसीकरण आणि व्यवसायजन्य आजार यांचे चित्र समोर येते. यंत्रमाग कामगारांच्या श्वसनाच्या व कानाच्या तक्रारी हा असाच दुसरा विषय. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा उष्माघाताचे प्रथमोपचार ही येथे रोजची गरज असते. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी जमतात; पायांचे फोड, जुलाब, निर्जलीकरण आणि मधुमेही वारकऱ्याची घसरलेली साखर यांवर झटपट निर्णय घेण्याची सवय अशा गर्दीत लागते. अशा प्रत्येक ठिकाणी अध्यापकाने आधी स्वतः जाऊन जागा पाहणे, उद्दिष्टे ठरविणे आणि परतल्यावर विद्यार्थ्यांकडून अनुभवाची चर्चा करून घेणे आवश्यक असते. एरवी वस्तीभेट ही केवळ नोंदवही भरण्याची सहल ठरते.

उपयुक्तता आणि अपेक्षा

परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक अपेक्षित आहे. हे प्रमाण वर्गासाठी पुरेसे असते. वॉर्डात, दहा विद्यार्थी चार विभागांत विखुरलेले असताना, ते अपुरे पडते. त्यामुळे महाविद्यालयातील अध्यापक आणि रुग्णालयातील परिसेविका यांच्यात सुस्पष्ट सहकार्य असणे निकडीचे आहे. कोणत्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी काय शिकावे, कोणती कृती त्यांनी देखरेखीखालीच करावी आणि कोणती एकट्याने करण्यास हरकत नाही, याची एका पानाची यादी प्रत्येक वॉर्डात लावलेली असली, तरी बराच गोंधळ टळतो. अध्यापकाच्या वेळापत्रकात वॉर्डातील तास व्याख्यानाइतकेच काटेकोर धरले जावेत, आणि वर्षातील काही दिवस त्याने स्वतः रुग्णसेवेत घालवावेत, हीही रास्त अपेक्षा आहे. या अध्यापकाचा एक विद्यार्थी आपल्या सेवाकाळात हजारो रुग्णांना हात लावणार असतो. विद्यार्थ्याला शिकू देणे आणि रुग्णाला सुरक्षित ठेवणे ही दोन्ही कर्तव्ये पार पाडण्यासाठी त्याला वेळ, माणसे आणि मान देणे, हा म्हणूनच रुग्णालयाच्या खर्चाचा भाग समजला गेला पाहिजे.